बेडूकपायी पानभुंगेरा: एकाच जातीत इतके रंग, इतके वेगळे पाय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा सुरू झाला की दरवर्षी तेच होतं, कोणीतरी ट्रेकवरून येतं आणि चकचकीत हिरव्या नाहीतर जांभळ्या भुंगेऱ्याचा फोटो पाठवतं, मागचे पाय हे एवढे जाड, आणि खाली प्रश्न, "ही नवीन जात आहे का?" उत्तर बहुतेक वेळा "नाही" असतं, पण ते "नाही" मला फार आवडतं, कारण खरी गंमत तिथूनच सुरू होते. एक जात म्हणजे एक ठरलेला चेहरा नसतो, तो अख्खा पसारा असतो, आणि तो पसारा नीट लिहून ठेवणं हे नवीन जात शोधण्याइतकंच महत्त्वाचं काम आहे असं मला मनापासून वाटतं. म्हणून परत परत येणारे प्रश्न इथे एकत्र लिहिलेत.

हा भुंगेरा नक्की कोणता?

शास्त्रीय नाव सॅग्रा फेमोराटा. फेमोराटा म्हणजे मांडीवाला, आणि मांडी बघितली की नाव का पडलं ते विचारावं लागत नाही. इंग्लंडमधल्या ड्रू ड्रुरी नावाच्या माणसाने १७७३ साली त्याचं वर्णन छापलं, धंद्याने तो चांदीकाम करणारा आणि जगभरातून किडे मागवून जमवायचा त्याला नाद. मराठीत पक्कं ठरलेलं नाव नाहीये, मी आपला बेडूकपायी पानभुंगेरा म्हणतो, कारण इंग्रजीतही बेडकाच्या पायांवरूनच नाव आहे. भारत, आग्नेय आशिया, चीन एवढ्या मोठ्या टापूत तो सापडतो, आपल्याकडे सह्याद्रीत पावसाळ्यात दिसतो, आणि गेल्या वीसेक वर्षांत तो जपानमध्येही जाऊन बसलाय, तिथे तो बाहेरून आलेला पाहुणा आहे.

पानभुंगेरा म्हणजे ढालकिड्यांपैकी कुठला? सगळेच पानं खातात की.

हो, पण पानभुंगेरे हे एक वेगळं कुळ आहे, क्रायसोमेलिडी, आणि त्यात ३५ हजारांहून जास्त जातींची वर्णनं झालेली आहेत. ओळखायची एक खूण सांगतो, पाऊल बघा. वरून बघितलं तर चारच पेरं दिसतात, खरी असतात पाच, चौथं पेर इतकं बारीक असतं की ते तिसऱ्याच्या दोन फाकांमध्ये लपून जातं. भिंगाखाली पहिल्यांदा ते लपलेलं पेर सापडतं तेव्हा मजा वाटते.

आणि आमच्या या पठ्ठ्याचे सगळ्यात जवळचे नातेवाईक माहितीयेत कोण? तुमच्या डब्यातल्या मुगा-चवळीला गोल भोकं पाडणारे भुंगेरे! ते पण याच कुळातले आणि वंशवृक्षात याच्या अगदी शेजारच्या फांदीवरचे. त्यांची आणि याची शेंगवाल्या झाडांशी गाठ पक्की आहे, फरक एवढाच की ते बी पोखरतात आणि याची अळी वेलाचं खोड पोखरते.

मला एकाच वेलावर एक हिरवा, एक निळा-जांभळा आणि एक तांबूस सापडला. तीन जाती ना?

नुसत्या रंगावरून तरी नाही. सॅग्रा फेमोराटामध्ये हिरवा, निळा, जांभळा, तांब्यासारखा लालसर, जवळपास काळा वाटेल असा गडद निळा, असे सगळे रंग नोंदलेले आहेत, आणि मधल्या छटा तर विचारूच नका. मोरपिशी म्हणावा की हिरवा यावर दोन माणसांचं एकमत होत नाही. जुन्या काळी युरोपातल्या लोकांकडे बोटीने चार वाळलेले किडे यायचे, एक हिरवा एक जांभळा, मधले दुवे त्यांच्यासमोर नसायचेच, मग त्यांना त्या वेगळ्या जाती वाटायच्या यात त्यांचा दोष नाही. जांभळ्या नमुन्यांना १७९५ मध्ये पर्प्युरिया असं वेगळं नावही मिळालं होतं. आपल्याला मधले दुवे जंगलात जाऊन बघता येतात, हे आपलं भाग्य आहे.

मग हा रंग येतो कुठून?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न, म्हणून जरा सविस्तर. किड्यांचे रंग ढोबळमानाने दोन तऱ्हेचे. एक म्हणजे रंगद्रव्य, हळदीत पिवळेपणा असतो तसा, म्हणजे पदार्थच रंगीत. दुसरा म्हणजे रचनेचा रंग, इथे पदार्थाला स्वतःचा तो रंग नसतोच, साबणाच्या फुग्यावर रंग दिसतात ना, पाण्यावर डिझेल सांडलं की दिसतात ना, तसं. धातूसारखे चमकणारे भुंगेरे या दुसऱ्या तऱ्हेतले. त्यांच्या कवचात वरच्या बाजूला अतिशय पातळ थर एकावर एक रचलेले असतात, एकाआड एक वेगळ्या जातीचे, म्हणजे एकात प्रकाश जास्त वळतो दुसऱ्यात कमी. प्रत्येक थरावरून थोडा थोडा प्रकाश परत येतो आणि जी लहर थरांच्या जाडीशी जुळते तिची बेरीज होते, बाकीच्या एकमेकींना मारतात, आणि आपल्याला तेवढाच रंग झळाळून दिसतो. खाली गडद तपकिरी-काळं द्रव्य असतं ते उरलेला प्रकाश पिऊन टाकतं, म्हणून रंग इतका शुद्ध वाटतो. काळ्या पाटीवर रंगीत खडू उठून दिसतो तसंच काहीसं.

पण एकाच जातीत वेगवेगळे रंग कसे?

थरांची जाडी. बस, एवढंच पुरतं! थर किंचित पातळ झाले की रंग निळ्याकडे सरकतो, किंचित जाड झाले की तांबड्याकडे. हा फरक मिलिमीटरच्या लाखाव्या भागांत मोजावा लागतो, म्हणजे कवच तयार होताना एवढासा फरक पडला तरी आपल्या डोळ्याला हिरव्याचा लाल झालेला दिसतो. याचा सुंदर पुरावा दुसऱ्या एका पानभुंगेऱ्यात मिळालाय, प्लॅट्यूमॅरिस सेरिसिया नावाचा, पाणथळीतल्या झाडांवर राहणारा छोटा किडा, तो पण निळा, हिरवा, तांबडा सगळ्या रंगांत येतो. जपानी संशोधकांनी २००२ साली दाखवलं की त्याच्या कवचाच्या वरच्या भागात पाच थर असतात आणि वेगवेगळ्या रंगाच्या किड्यांमध्ये थर तेच पण त्यांची जाडी वेगळी. म्हणजे नवीन रंगासाठी नवीन काही बनवायला लागत नाही, त्याच विणकामाचा पीळ थोडा सैल-घट्ट करायचा.

सकाळी फोटो काढला तेव्हा हिरवा होता, दुपारी तोच किडा निळा दिसला. किडा रंग बदलतो का?

नाही, तुमची जागा बदलली. थरांच्या रंगाचा हा स्वभाव आहे, सरळ समोरून बघितलं की एक रंग, तिरकं बघितलं की तोच रंग निळ्याच्या बाजूला सरकतो. आपल्याकडे धूपछाव पैठणी असते, पदर हलवला की रंग बदलतो, तिथे कारण वेगळं आहे, ताणा एका रंगाचा बाणा दुसऱ्या रंगाचा, पण डोळ्याला जो अनुभव येतो तो साधारण तसाच. म्हणून एकाच किड्याचा समोरून, वरून आणि बाजूने असे तीन फोटो हवेतच.

खरोखर रंग बदलणारे पानभुंगेरे मात्र आहेत बरं का. पनामातला एक कासवभुंगेरा आहे, करिडोटेला एग्रेजिया, तो सोनेरी असतो आणि डिवचला की लाल होतो. त्याच्या थरांमध्ये ओलावा असतो तोवर आरसा छान चालतो, डिवचल्यावर ओलावा मागे घेतला जातो, आरसा बिघडतो आणि खालचा लाल रंग दिसायला लागतो. २००७ मध्ये त्याचं गणित मांडलं गेलं.

मेल्यावर रंग जातो का?

सॅग्राचा नाही जात. थर कोरडे, पक्के, म्हणून शंभर वर्षांपूर्वीचे टाचणी टोचलेले नमुने अजून चमकतात. कासवभुंगेऱ्यांचा सोनेरी रंग मात्र मेला की थोड्या वेळात विझतो, कारण तो ओलाव्यावर उभा असतो. बेशरमीच्या पानावरचा सोन्याचा थेंब घरी आणला आणि सकाळी बघितलं तर मळकट तपकिरी, हे दुःख लहानपणी मी पण सोसलंय. म्हणून कासवभुंगेऱ्यांचा रंग जिवंतपणीच लिहून ठेवायचा.

मी रंग लिहू कसा? "सुंदर हिरवा" चालेल का?

सुंदर तो आहेच, पण ते वाचून दुसऱ्याला काही कळणार नाही. माझी पद्धत सांगतो, परफेक्ट नाही पण उपयोगी पडते.

आधी लाइट. थेट उन्हात नको, फ्लॅश तर अजिबात नको, फ्लॅशमध्ये धातूरंगाचा किडा म्हणजे पांढरा डाग आणि बाजूला काळोख. ढगाळ उजेड किंवा खिडकीजवळचा पसरलेला उजेड बेस्ट. शेजारी एक राखाडी कार्ड किंवा निदान साधा पांढरा कागद ठेवा म्हणजे मोबाइलने स्वतःच्या मनाने रंग ठरवला असेल तर नंतर दुरुस्त करता येतो, आणि मोबाइल ठरवतोच, हिरव्या पानावर किडा असेल तर हमखास.

मग अवयवागणिक लिहा. डोकं, प्रोनोटम म्हणजे डोक्याच्या मागची ढाल, वरचे कडक पंख, पोटाची बाजू, पाय, मिशा, प्रत्येकाचा रंग वेगळा असू शकतो. पंख लालसर आणि त्यांच्या जोडाची मधली रेघ हिरवी असं दिसलं तर ते लिहायलाच हवं, "लाल" म्हणून सोडून देऊ नका. शब्द साधे ठेवा, पितळी, तांब्यासारखा, मोरपिशी, जांभळा, गडद निळा. चमक वेगळी लिहा, आरशासारखी की रेशमासारखी की मंद, कारण चमक पृष्ठभागाच्या बारीक खड्ड्यांवर अवलंबून असते, रंगावर नाही. आणि शेवटी किडा नुकताच बाहेर आलेला वाटतो का ते लिहा. कोषातून नुकताच निघालेला भुंगेरा मऊ आणि फिका असतो, त्याचा रंग अजून बसायचा असतो. उलट म्हातारा झालेला असेल तर ओरखडे, तुटकी नखं, मातीचे डाग. हे दोन्ही "वेगळे रंगप्रकार" म्हणून नोंदले गेलेले मी पाहिलेत आणि वाईट वाटतं, कारण तेवढी एक ओळ लिहिली असती तर पुढचा गोंधळ टळला असता.

रंगावरून नर-मादी कळतात का?

रंगावर जाऊ नका, पाय बघा. नराची मागची मांडी फुगलेली, जाडजूड, टोकाकडे खालच्या कडेला दात. मांडीच्या पुढचा पायाचा भाग म्हणजे नळी, ती वाकलेली, आतल्या बाजूला पण दातेरी. मादीची मांडी कितीतरी बारीक आणि नळी जास्त सरळ.

माझ्या किड्याची मांडी बारीकच आहे पण नळी वाकडी आहे. मग हे काय?

बहुतेक छोटा नर! हा घोळ खूप जणांचा होतो. नरांमध्ये आकाराचा फरक इतका असतो की सगळ्यात दांडगा नर आणि सगळ्यात किरकोळ नर शेजारी ठेवले तर बाप-लेक वाटावेत, खरं म्हणजे दोघेही पूर्ण वाढलेले, कारण भुंगेरा एकदा पंख फुटून बाहेर आला की पुढे वाढत नाही. वाढ काय ती अळीच्या वयातच. याची अळी शेंगवाल्या वेलाच्या खोडात शिरते, खोड तिथे गाठीसारखं सुजतं आणि त्या गाठीतच ती खाते, वाढते आणि कोष करते. गाठीत खायला भरपूर मिळालं तर दांडगा भुंगेरा, उपासमार झाली तर किरकोळ. म्हणजे समोर जो पाय दिसतोय त्यात त्या किड्याचं अख्खं बालपण लिहिलेलं असतं. मला ही गोष्ट फार हलवते.

एवढे मोठे पाय उडी मारायला का?

नाही! बेडूक हे नाव त्यामुळे फसवं आहे. उडी मारणारे पानभुंगेरे वेगळे, त्यांना पिसूभुंगेरे म्हणतात, मुळ्याच्या पानांना छर्रे मारल्यासारखी भोकं पाडतात ते. त्यांच्या मागच्या मांडीत एक स्प्रिंगसारखा अवयव असतो, त्याला मौलिक यांचा अवयव म्हणतात, समरेंद्र मौलिक या आपल्या भारतीय कीटकशास्त्रज्ञाच्या नावावरून, पानभुंगेऱ्यांवर आयुष्य घालवलेला माणूस.

सॅग्राचे पाय भांडणासाठी आहेत. नर मादीच्या पाठीवर असतो, दुसरा नर येतो, आणि मग मागच्या पायांची पकड. मांडी आणि नळी म्हणजे अडकित्ता समजा, मध्ये प्रतिस्पर्धी सापडला की दाबायचं आणि उचकटून काढायचं. नळी हलवणारा स्नायू मांडीच्या आत असतो म्हणून मांडी जाड. जपानमध्ये बसलेल्या किड्यांवर हे भांडण नीट बघितलं गेलंय.

आणि इथे एक यांत्रिक अडचण आहे. अडकित्त्याचे दांडे जेवढे लांब तेवढं सुपारीवर जोर देणं सोपं, पण इथे उलट आहे, स्नायू सांध्याजवळ ओढतो आणि दाब लांब नळीच्या टोकाकडे द्यायचा असतो, म्हणजे नळी लांब झाली की टोकाला मिळणारा जोर घटतो. मग मोठ्या नराला लांब पायाचा फायदा हवा असेल तर त्याला स्नायू पण त्या मानाने जास्त भरावा लागतो. नुसता लांब पाय म्हणजे नुसता देखावा झाला असता.

मोठा नर म्हणजे सगळंच त्या प्रमाणात मोठं असतं का?

नाही, आणि हीच या किड्याची खरी मेख. समजा एका नराचा प्रोनोटम ४ मिमी रुंद आणि मागची मांडी ८ मिमी लांब. दुसऱ्या नराचा प्रोनोटम ५ मिमी, म्हणजे सव्वापट. प्रमाणात वाढ असती तर मांडी १० मिमी हवी, पण समजा ती १२ भरली, म्हणजे दीडपट. याचा अर्थ शरीर वाढलं त्याहून पाय वेगाने वाढला. दोन्ही मापांचे लॉग घेऊन आलेख काढला तर रेघेचा चढ या उदाहरणात साधारण १.८ येतो. चढ १ असेल तर प्रमाणात, १ पेक्षा जास्त असेल तर तो अवयव शरीराच्या पुढे पळतोय. हे आकडे समजण्यासाठी घेतलेत, तुमचे मोजल्यावर जे येतील ते खरे. भांडणाच्या हत्यारांमध्ये हा चढ बहुतेक १ च्या वर असतो, शिंगवाल्या भुंगेऱ्यांची शिंगं बघा, तीच गोष्ट.

याच्या बरोबर उलट म्हणजे नराचं जननांग. किड्यांमध्ये साधारणपणे असं दिसतं की नर लहान असो की दांडगा, जननांगाचा आकार फारसा बदलत नाही, चढ १ पेक्षा बराच खाली. कारण समजायला सोपं आहे, माद्यांच्या सरासरी मापाशी ते जुळायला हवं. एकाच शरीरात एक अवयव मोकाट सुटलेला आणि एक घट्ट बांधलेला, त्यामुळे "या जातीत किती फरक असतो" या प्रश्नाला एकच उत्तर नाहीच, कुठल्या अवयवात ते आधी विचारायला हवं.

मग जात ओळखायची कशावरून?

वर सांगितलं त्यातच आहे. जो अवयव जातीच्या आत कमी बदलतो तो ओळखीला उपयोगी, म्हणून तज्ज्ञ लोक नराचं जननांग काढून बघतात, त्याचा आकार, टोकाचं वळण. रंग, लांबी, मांडीची जाडी हे सगळ्यात आधी डोळ्यात भरतं आणि ओळखीला सगळ्यात कमी विश्वासू. नुसत्या फोटोवरून सॅग्रा वंशापर्यंत पोचता येतं, पुढे जपून. भारतातल्या सॅग्रांची जुनी वर्णनं मार्टिन जेकोबीने १९०८ साली छापून आलेल्या फॉना ऑफ ब्रिटिश इंडियाच्या खंडात दिलीत, तो पेशाने व्हायोलिन वाजवणारा होता, किडे हा त्याचा दुसरा संसार.

मोजायचं असेल तर काय मोजू?

डोक्यापासून शेपटापर्यंतची लांबी मोजू नका, तिच्यावर विसंबता येत नाही. डोकं आत-बाहेर होतं, मादीचं पोट अंड्यांनी फुगतं, वाळलेल्या नमुन्याचं आक्रसतं. प्रोनोटमची रुंदी आणि वरच्या पंखाची लांबी ही कडक भागांची मापं, ती बदलत नाहीत. मग मागच्या मांडीची लांबी, तिची जास्तीत जास्त रुंदी, नळीची लांबी. नळी वाकडी असते म्हणून सरळ अंतर मोजलं की वळणावरून मोजलं ते लिहायचं आणि मग शेवटपर्यंत तेच करायचं.

डिजिटल कॅलिपर मिळतो स्वस्तात, जिवंत किडा असेल तर फोटोवरून मोजा, पण पट्टी किड्याच्या शेजारी नुसती ठेवून चालत नाही, ज्या पातळीत मांडी आहे त्याच पातळीत पट्टी हवी नाहीतर माप चुकतं. प्रत्येक माप तीनदा घ्या, दुसऱ्या दिवशी पहिले आकडे न बघता परत घ्या. तुमच्याच दोन मापांत जेवढा फरक पडतो त्यापेक्षा लहान फरकावर काहीही दावा करायचा नाही. डावा-उजवा दोन्ही पाय मोजा, एखाद्याचा एक पाय लहान निघतो, अळीपणी किंवा कोषात काहीतरी बिनसलेलं असतं, ती पण माहितीच आहे.

किती किडे लागतात?

एकाने काहीच कळत नाही, दोनांनी गैरसमज होतो. तीसेक नर आणि तीसेक माद्या, एकाच ठिकाणच्या, असं असेल तर बोलण्यासारखं काहीतरी हातात येतं. नर-माद्या कधीही एकत्र करून सरासरी काढू नका, असा किडा जगात नसतो. सरासरीसोबत सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठं माप द्या.

आणि एक कळकळीची विनंती, आपण सगळे दांडग्या चमकदार नराचाच फोटो काढतो, मी पण काढायचो. किरकोळ, काळपट, पाय तुटलेला किडा सोडून देतो. मग सगळ्या फोटोंवरून काढलेली सरासरी म्हणजे पैलवानांची सरासरी. समोर येईल तो प्रत्येक किडा नोंदवा.

जुन्या यादीत नावापुढे "व्हार." लिहून तिसरं नाव असतं, ते वापरू का?

रंगप्रकाराला नाव द्यायची जुनी हौस होती ती. प्राण्यांच्या नावांच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे १९६० नंतर "प्रकार" किंवा "रूप" म्हणून दिलेल्या नावाला अधिकृत दर्जा नाही. त्याआधीच्यांचं प्रत्येकाचं प्रकरण वेगळं बघावं लागतं. तुम्ही सरळ "जांभळा नमुना" असं लिहा.

गाजरगवतावरचा पट्टेवाला भुंगेरा पण प्रत्येक वेगळाच दिसतो, तिथे पण थरांचीच भानगड का?

तो मेक्सिकन भुंगेरा, झायगोग्रामा बायकोलोराटा, तो पण पानभुंगेराच. गाजरगवत आपल्याकडे पुण्यात पहिल्यांदा १९५० च्या दशकात नोंदलं गेलं आणि त्याला खायला म्हणून हा किडा १९८० च्या दशकात मेक्सिकोहून बंगळुरूला आणला. त्याचे रंग रंगद्रव्याचे, मळकट पांढऱ्या पंखांवर गडद तपकिरी उभे पट्टे. इथे बदलते ती पट्ट्यांची रुंदी, कुठे तुटतात, कुठे एकमेकांना जुळतात. वर्णन करताना पट्ट्यांना आतून बाहेर क्रमांक द्या आणि प्रत्येक पट्टा अखंड, तुटलेला की शेजाऱ्याला जुळलेला एवढंच लिहा. ज्यांना सराव करायचाय त्यांनी जुलै-ऑगस्टमध्ये कुठल्याही रिकाम्या प्लॉटवर जावं, शंभर किडे तासाभरात मिळतात, सॅग्रासारखी पायपीट नाही. पण गाजरगवताची ॲलर्जी असेल तर हातमोजे घालाच.

हवामानाचा रंगांवर परिणाम होतो का?

थंड प्रदेशात दिसलाय. रशियाच्या वायव्येला, उत्तर ध्रुववृत्ताजवळच्या भागात क्रायसोमेला लॅपोनिका नावाचा पानभुंगेरा आहे, त्यात फिके आणि काळपट दोन्ही असतात. काळपट किडा उन्हात लवकर तापतो, थंडीत तो फायदा. तिथे बरीच वर्षं सलग मोजणी केली गेली आणि तापमान वाढत गेलं तसं काळपट किड्यांचं प्रमाण घटत गेलं असं २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. हे कळलं कशामुळे, तर कोणीतरी दरवर्षी जाऊन कंटाळा न करता फिके किती, काळे किती हे मोजत राहिलं म्हणून. सह्याद्रीतल्या सॅग्रांचे रंग आपण आज लिहून ठेवले तर वीस वर्षांनी कोणाला तरी तुलना करता येईल.

पिकाला त्रास होतो का? चावतो का?

चावत नाही. मोठा नर हातात धरला तर मागच्या पायाने चिमटा काढतो, दात टोचतात, एवढंच. झाडं म्हणाल तर शेंगवाले वेल, चीन-जपानकडे कुडझूवर असतो, जो आपल्या विदारीकंदाच्याच वंशातला.

पकडून ठेवू का?

अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात परवानगीशिवाय काही उचलायचं नाही, किडासुद्धा नाही, १९७२ चा वन्यजीव कायदा आहे. बाहेर सापडला तरी फोटो आणि मापं घेऊन त्याच वेलावर सोडा. मेलेला सापडला तर मात्र टाकू नका, कागदाच्या पुडीत ठेवा, आत जागा, तारीख, झाडाचं नाव लिहिलेली चिठ्ठी पेन्सिलने, कारण पेनची शाई पसरते. पुण्यात आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे, तिथे असे नमुने अभ्यासले जातात. चिठ्ठी नसलेला किडा कितीही देखणा असला तरी अभ्यासाला मुका.

एखादं नमुना वर्णन द्या ना, बघून लिहिता येईल.

हे घ्या, आकडे नमुन्यादाखल आहेत:

"नर, पूर्ण रंग बसलेला, ओरखडे थोडे. ढगाळ उजेडात, वरून बघताना पंख मोरपिशी हिरवे, जोडाची रेघ तांब्यासारखी, बाजूने बघताना पंख निळे. प्रोनोटम आणि डोकं पंखांपेक्षा गडद. पोट निळसर, पाय मांडीपर्यंत हिरवे, पुढे निळे. मिशा काळ्या. चमक आरशासारखी. प्रोनोटमची रुंदी ४.२ मिमी, वरचा पंख ११.५ मिमी, मागची मांडी डावी ९.१, उजवी ९.० मिमी, नळी सरळ अंतराने मोजलेली. डाव्या मागच्या पावलाचं शेवटचं पेर तुटलेलं. त्याच वेलावर आणखी चार: दोन माद्या जांभळ्या, एक नर तांबूस, एक छोटा नर गडद निळा, मांडी मादीएवढी पण नळी वाकडी. वेल शेंगवाला, नाव ओळखलं नाही, पानाचा आणि शेंगेचा फोटो घेतला. खोडावर जमिनीपासून गुडघाभर उंचीवर दोन गाठी, एकीला गोल भोक."